एकही डोस चुकला नाही

रस्त्यात पेशंट दिसला तर आपण आधी ओळख दाखवायची नाही. त्यानं हसून मान हलवली तर आपण हलवायची. त्यानं नजर वळवली तर आपणही वांग्याला हात लावून भाव विचारत उभं राहायचं. हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता. मंगळवार पेठेतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात, टीबीच्या गोळ्यांच्या खिडकीवर सव्वीस वर्षं बसलेल्या पूर्णिमा सिस्टरनं तो स्वतःच स्वतःला घातला होता. खिडकीवरही ती कुणाला नावानं हाक मारत नसे. "सतरा नंबर, या." बाकावर शेजारी शेजारी टेकलेल्या दोन बायकांना एकमेकींचं नाव कळू नये, नावावरून गाव कळू नये, गावावरून घर कळू नये. पेठ म्हणजे काय, एका दारात शिंक आली की चौथ्या दारात काढा उकळतो.

तिची आई जात्यावर म्हणायची,

मनीचं गं गूज बाई, सांगू नको तू वाऱ्याला
वारा सांगं पानाला नि पान सांगं शिवाराला

दवाखान्यात नवी पोरगी नर्स म्हणून आली की पूर्णिमा तिला ही ओवी ऐकवायची आणि म्हणायची, "आपण वारा व्हायचं न्हाई, एवढं कळलं की निम्मं नर्सिंग कळलं."

आणि अशा बाईच्या हातून ते घडलं.

साक्षी म्हणजे तीन वर्षांपूर्वीचा सतरा नंबर. कसबा बावड्याची, वडील साखर कारखान्यात, कॉलेजचं शेवटचं वर्ष. आली तेव्हा वजन अडतीस किलो, गळ्याची हाडं ओढणीतून दिसायची. पहिल्या गोळ्या घेतल्या त्याच दिवशी लघवी शेंदरी झाली म्हणून रिक्षा करून रडत परत आली. "अगं वेडे, गोळीचा रंग हाय तो. रक्त न्हाई," म्हणून पूर्णिमानं तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. पोरीनं तिचा हात धरून विचारलं होतं, "सिस्टर, बाहेर कुणाला कळणार नाही ना?"

"खिडकीच्या अलीकडचं पलीकडं जात न्हाई, बाळ."

पहिले दोन महिने साक्षीच्या पायात ताकद नव्हती. तेव्हा बावड्यातच राहणारी क्रांती, दवाखान्याची कंत्राटी आरोग्यसेविका, घरी जाऊन गोळ्या द्यायची. पुढचे चार महिने पोरगी सकाळी आठला स्वतः यायची, खिडकीसमोर उभी राहून गोळ्या गिळायची, तोंड उघडून दाखवायची आणि कॉलेजला पळायची. परीक्षा आली, ताप आला, घरात आजी वारली, तरी आली. एक्कावन्न किलो भरली त्या दिवशी पेढे घेऊन आली. नंतर सतरा नंबर दुसऱ्या कुणाला गेला आणि पूर्णिमानं साक्षीचा चेहरा, नियमाप्रमाणं, विसरायला ठेवून दिला.

पूर्णिमाची थोरली नणंद धोंडुबाई गडमुडशिंगीला असायची. तिचा प्रसेनजीत एमआयडीसीत सुपरवायझर झाला आणि तिनं स्थळं बघायचा धडाका लावला. बाळासो नावाचा एक मध्यस्थ बावड्याचं स्थळ घेऊन आला. धोंडुबाईनं फोन केला, "पूर्णिमा, रविवारी रजा टाक. तू दवाखान्यातली हाईस, तुला माणूस आतनं दिसतं. आमाला नुसती साडी दिसती."

कोण पोरगी, कुणाची पोरगी, पूर्णिमानं विचारलं नाही. आपल्याला माणूस आतून दिसतं, ह्या वाक्याचीच तिला गुदगुली झाली होती.

बावड्यातलं ते घर स्वच्छ होतं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, दोघांना ताजा हार. चहाचा ट्रे घेऊन पोरगी आली आणि पूर्णिमानं तिला ओळखलं. सतरा नंबर. गाल भरलेले, केस जाड झालेले. साक्षीनं एक एक कप पुढं केला. पूर्णिमापाशी आल्यावर बशी किंचित वाजली. नजर वर झाली, क्षणभर थांबली आणि खाली गेली. ओळख दिली नाही.

पूर्णिमानंही दिली नाही. "साखर बेताचीच आहे ना गं?" असं परक्यासारखं विचारलं. पलीकडं पोरीची आई मीनाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. पूर्णिमाकडं बघून तिचे ओठ नुसतेच हलले.

सगळं छान झालं. प्रसेनजीतनं दोन प्रश्न विचारले, साक्षीनं तीन विचारले. "शिफ्ट रात्रीची पण असते का?" असं तिनं विचारल्यावर तो हसला, आणि त्या हसण्यातच धोंडुबाईला कळलं की पोरगं पाघळलं.

परतताना भाड्याच्या इको गाडीत प्रसेनजीत पुढं, ड्रायव्हरशेजारी. मागं ह्या दोघी. ताराराणी चौकात सिग्नल लागला.

"तू का गं तोंड शिवल्यागत बसलीस?" धोंडुबाई म्हणाली. "पोरगी तुज्याकडं बघून दचाकली. वळखतीस तिला?"

"न्हाई ओ आक्का."

"मग बोल की कायतरी. कशी वाटली?"

आणि पूर्णिमाला त्या पोरीविषयी काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं. खरंच चांगलं. मनातलं. सव्वीस वर्षांत तिनं किती माणसं अर्ध्यावर गोळ्या सोडून गेलेली पाहिली होती, धडधाकट गडी, शिकलेली माणसं. तिच्यापाशी माणसाचं एकच माप होतं. ते तोंडातून निसटलं.

"लई गुणाची पोरगी हाय, आक्का. सहा महिन्यांत एकही डोस चुकला न्हाई तिचा."

ड्रायव्हरनं रेडिओ बारीक केला.

"कसला डोस?"

तेव्हाही वाट होती. लसीचा म्हणता आलं असतं, रक्तवाढीच्या गोळ्यांचा म्हणता आलं असतं. सव्वीस वर्षांत पूर्णिमानं पेशंटांसाठी किती तरी खोटं पचवलं होतं. पण धोंडुबाईनं तिच्या मांडीवर हात ठेवला आणि आवाज खाली आणला, "माज्या पोराचा जलम हाय पूर्णिमा. तू घरची हाईस का त्यांची?"

पूर्णिमानं सांगितलं. छातीचा टीबी होता, तीन वर्षांमागं, आता पूर्ण बरा आहे. तपासण्या झाल्यात, पोरंबाळं होतील, कुणाला लागणार नाही. नर्स जशी समजावते तसं तिनं शेवटपर्यंत सगळं नीट समजावलं.

धोंडुबाईनं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "तुज्या सार्थकला केली असतीस?"

सिग्नलवर लाल आकडे उतरत होते. बारा, अकरा, दहा. "केली असती" हे दोन शब्द. पूर्णिमाला ते माहीत होते, तेच खरे होते, शास्त्रानं खरे होते. आपल्या पोराचा, सार्थकचा, चेहरा समोर आला, त्याच्या शेजारी अडतीस किलोची ती पोरगी आली. चार, तीन, दोन. गाडी हलली. पुढच्या आरशात प्रसेनजीतचे डोळे तिच्याकडं बघत होते. तिनं खिडकीची काच खाली केली.

धोंडुबाईला उत्तर मिळालं होतं.

नवव्या दिवशी, सोमवारी, खिडकी बंद करायच्या वेळी मीनाबाई आली. चप्पल हातात घेऊन आत आली, जशी देवळात यावी.

"मोडलं, सिस्टर."

पूर्णिमानं तिला बसवलं.

"आधी म्हणलीत, पोराला दुसरीकडं नोकरी लागायलीया, थांबू. मग काल बाळासो पावणा खरं बोलला. पोरगीला छातीचं हुतं असं कळालंय म्हणं. कुणाकडनं, ते काय सांगंना. पर मला कळंना व्हय? ती क्रांती! तिचं म्हायार गडमुडशिंगीचं. दोन म्हैनं माज्या घरात येत हुती, माजा चहा प्याली."

"खोटं कशाला बोलू," मीनाबाई पुढं म्हणाली, "पैल्यांदा माज्या मनात तुमीच आला. त्यांच्याच घरातल्या की तुमी. तसं साक्षीला बोलले, तर पोरगी अंगावर धावली माज्या. म्हणली, आई, जीभ झडंल तुजी. सिस्टरनी तर मला वळखसुदीक दावली न्हाई, साखरेचं इचारलं. त्या मेल्या तरी सांगायच्या न्हाईत." तिनं डोळे पुसले. "माफी करा सिस्टर. पाप आलं मनात."

माफी मागणाऱ्या बाईचा हात पूर्णिमाच्या हातात होता. तो गरम होता, खरखरीत होता, आणि पूर्णिमाला तो सोडताही येईना, धरताही येईना.

"मला डाक्टरसायबाला अर्ज द्यायचाय क्रांतीवर. मला सही तेवढी येती. साक्षीला सांगितलं न्हाई, ती नको म्हणंल. तुमचं अक्षर मोत्यागत. तुमीच लिव्हा."

आणि पूर्णिमानं लिहिला. हे ती पुढं कितीदा मनात उलटंपालटं करून बघणार होती, पण त्यातली एक ओळही बदलत नव्हती. तिनं ड्रॉवरमधून रेघांचा कागद काढला, समास सोडला, आणि ज्या अक्षरात ती गोळ्यांची कार्डं भरायची त्याच अक्षरात, निर्दोष बाईवर, स्वतःच्या गुन्ह्याचा अर्ज लिहिला. एकच चतुराई केली. मीनाबाई म्हणाली होती "हिनंच सांगितलं," तिथं "यांनी सांगितल्याचा संशय आहे" असं घातलं. संशय. त्या एका शब्दाच्या आडोशाला ती चार दिवस उभी राहिली, पावसात पानाखाली उभं राहावं तशी.

मंगळवारी क्रांतीला नोटीस मिळाली. बुधवारी ती जेवणाच्या सुट्टीत खिडकीपाशी आली, डबा उघडला आणि तसाच झाकला.

"सिस्टर, अक्षर तुमचं हाय."

"त्यांना लिहिता येत न्हाई गं."

"ते कळलं ओ. त्याचं न्हाई कायी. पर तुमी मला सात वर्सं बघतायसा. सायबाला सांगा की एक शब्द. म्हैनाअखेर माजं कंत्राट संपतंय, ह्या डागावर पुन्ना कोण घेणार हाय?"

"बघू," पूर्णिमा म्हणाली. क्रांतीनं त्या 'बघू'वर भरवसा ठेवला आणि डब्यातली निम्मी भाकरी तिच्यापुढं केली. पूर्णिमानं ती खाल्ली. न खाल्ली तर संशय येईल, म्हणून खाल्ली.

शुक्रवारी अकराला डॉक्टर विजयसिंहांच्या खोलीत सगळे जमले. डॉक्टर भला माणूस, पण कागदाचा पक्का. त्यांनी अर्ज बघताच म्हटलं होतं, तक्रार आईची चालणार नाही, आजार जिचा तिला बोलवा. म्हणून साक्षीही आली होती. आईच्या शेजारी बसली होती खरी, पण खुर्ची हातभर लांब ओढून. एका बाजूला क्रांती. आणि टेबलाच्या कोपऱ्यात रजिस्टर घेऊन पूर्णिमा, कारण दवाखान्यात चौकशीची नोंद नेहमी तीच लिहायची.

"हे बघा," डॉक्टर म्हणाले, "पेशंटची माहिती बाहेर जाणं ही काही गल्लीतली चहाडी नव्हे. ट्रस्ट नोकरीवरून काढू शकतो. नर्सिंग कौन्सिलकडं गेलं तर नोंदणी जाते. ह्यांना वाटलं तर कोर्टातही जाता येतं. तेव्हा प्रत्येकानं जपून आणि खरं बोलायचं. क्रांती, तुमचं म्हणणं?"

पूर्णिमानं लिहिलं: क्रांती यांचे म्हणणे. आणि पुढं दोन टिंबं दिली.

क्रांती उभी राहिली. मोठ्यानं बोलायची सवय, त्यात राग. "माजं म्हणणं काय असणार, सायेब? ह्या मावशीला इचारा, मी त्यांच्या घरात कशी जायची. हातात मेथीच्या जुड्या घेऊन जायची. गोळ्या खाली, मेथी वर. गल्लीतल्या बायका मला हाका मारायच्या, ए भाजीवाले, आमच्यात पण ये की! मग दोन जुड्या तितं पण इकायच्या. इकल्यात मी, सायेब. पदरमोड करून आणल्याली मेथी इकलीया, न्हायतर बायकास्नी कळलं असतं. आणि मी जाऊन म्हायारात सांगू?"

मीनाबाईनं मान खाली घातली. साक्षी म्हणाली, "खरं आहे. मी आईला तेच सांगत होते."

"मग सांगितलं कुणी?" डॉक्टरांनी विचारलं.

पूर्णिमाचं पेन 'मेथी' ह्या शब्दावर थांबलं होतं. शाईचा ठिपका मोठा होत होता.

"मी सांगितलं," ती म्हणाली.

डॉक्टरांना वाटलं, ती लिहिता लिहिता क्रांतीचंच वाक्य मोठ्यानं म्हणते आहे. "नाही, नाही, त्या असं म्हणाल्या नाहीत, सिस्टर. खोडा ते."

"त्यांनी न्हाई. मी. माझ्या नणंदेला. मीच सांगितलं."

पूर्णिमा बोलत राहिली. गाडी, सिग्नल, एकही डोस चुकला नाही, सगळं. आणि जे कुणी विचारलं नव्हतं, जे त्या गाडीबाहेर कुणाला कधी कळलं नसतं, तेही तिनं सांगितलं. "आक्का म्हणल्या, स्वतःच्या पोराला केली असतीस काय. मी गप बसले. मला म्हायती हाय तू बरी हाईस, साक्षी. माझ्यासारखं कुणाला म्हायती? तरी गप बसले."

साक्षी तिच्याकडं बघत होती. चहाच्या दिवशी खाली गेलेली नजर आज खाली जात नव्हती.

"कधी?"

"त्याच दिवशी. ताराराणी चौकात."

"म्हणजे मी घरी कपबशा विसळत होते," साक्षी म्हणाली, "आणि आईला सांगत होते, सिस्टर होत्या म्हणून निभावलं." मग तिनं अर्ज बोटानं पुढं ढकलला. "हा पण तुम्हीच लिहिलात ना?"

"हो."

"अक्षर बघून मला वाटलं, आईनं तुमच्याकडून लिहून घेतलं, तुम्हाला नाही म्हणता आलं नसेल."

मीनाबाईला एकदम हुंदका फुटला. ती क्रांतीकडं वळली, हात जोडायला गेली. क्रांतीनं ते हात मधेच खाली दाबले. "ऱ्हाऊ द्या मावशी. तुमचं काय चुकलं?" मग पूर्णिमाकडं बघून तिनं एवढंच म्हटलं, "सिस्टर, बुधवारी सांगायचं हुतंसा. भाकरी खाताना."

पूर्णिमानं कधी मार खाल्ला नव्हता. तो असाच बसत असावा, असं तिला वाटलं.

"माफी मागून काही होत न्हाई, म्हायती हाय मला," ती म्हणाली. "तू म्हणशील ते मी लिहून देते. कोर्ट म्हण, कौन्सिल म्हण. गडमुडशिंगीत जाऊन आक्काला सांगू का, की—"

"नको." साक्षी पटकन म्हणाली. "त्या घरात आता माझं नाव नको. चांगलंसुद्धा नको."

मग तिनं डॉक्टरांना विचारलं, "माझे कागद अजून इथेच आहेत ना, सर?"

"असतात. रेकॉर्ड ठेवावंच लागतं. गोळ्यांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, कुलपात."

"किल्ली?"

डॉक्टरांनी पूर्णिमाकडं बघितलं नाही, टेबलावरच्या पेपरवेटकडं बघितलं.

"ती त्यांच्याकडं नको," साक्षी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "बाकी तुम्ही काय करायचं ते करा. तक्रारीवर मी सही करते, माझ्या नावानं, खरं नाव घालून. पण किल्ली आज द्यायची. माझ्यासमोर."

पूर्णिमानं पर्समधून जुडगा काढला. घराच्या तीन किल्ल्या, स्कूटीची एक आणि कपाटाची लांब पितळी किल्ली, सगळ्या एकाच कडीत. कडी जुनी, घट्ट बसलेली. सव्वीस वर्षांत ती किल्ली कधी वेगळी करायची वेळच आली नव्हती. तिनं नख घालून कडीचं टोक उचललं, ते निसटलं. पुन्हा घातलं, पुन्हा निसटलं. बोटं ओली झाली होती. चार माणसं बघत होती. बाहेर बाकावर कुणीतरी खोकलं. दारातून नव्या नर्सनं, तेजस्वीनं, डोकं आत घातलं, "सिस्टर, खिडकीवर पेशंट थांबलेत," म्हणाली, आणि खोलीतले चेहरे बघून मागं सरली.

नख मुळापासून दुमडलं. पूर्णिमानं ओठ दाबला आणि कडी तशीच ओढत राहिली.

"आणा हिकडं," क्रांती म्हणाली.

तिनं केसांतली पिन काढली, कडीच्या फटीत खुपसली आणि पितळी किल्ली फिरवत फिरवत सोडवली. ती डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवली. मग घराच्या किल्ल्या पूर्णिमाच्या तळहातावर ठेवल्या, पिन पुन्हा केसांत खोचली आणि तेजस्वीला हाक मारली, "अगं, त्यास्नी म्हणावं थांबा जरा. आलेच मी."